आल्या पावली परत कोण पाठवतं?

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, घरात सोयाबीन आहे तोवर रोज सकाळी मोबाईलवर एकच गोष्ट बघतात : लातूरच्या बाजार समितीत काल काय भाव निघाला. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. माल कळंबला घालायचा, लातूरला न्यायचा, की अजून महिनाभर पोत्यांची थप्पी तशीच ठेवायची, हे त्या आकड्यावर ठरतं. त्यासाठी त्यांना एक साधं पान सापडलंय. चित्र नाही, रंग नाही, नुसता तक्ता. अण्णा ते उघडतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे बघतात आणि बंद करतात. आठेक सेकंदांचं काम.

दुसरीही एक वेबसाईट आहे. ‘सोयाबीनच्या दरात मोठा बदल, पाहा आजचा भाव’ अशी तिची लिंक गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. उघडली की आधी नोटिफिकेशनची परवानगी मागते. मग जाहिरात. मग सोयाबीन हे कसं महत्त्वाचं पीक आहे हे सांगणारे दोन परिच्छेद, तेही सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला. मग ‘पुढे वाचा’. मग पुन्हा जाहिरात. चार पानं उलटल्यावर भाव सापडतो, आणि तोही कधीकधी परवाचा असतो. अण्णा वैतागून म्हणतात, “लई फिरवायलंय रं हे.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या धंद्याच्या हिशेबानं या दोन पानांचा निकाल लावायचा तर पहिलं पान नापास आहे आणि दुसरं पहिल्या वर्गात पास. कारण पहिल्या पानावर अण्णा आले आणि काहीच न करता निघून गेले. दुसऱ्या पानावर ते रमले, चार पानं फिरले, तीन मिनिटं थांबले. पहिल्याचा बाउन्स रेट प्रचंड, दुसऱ्याचा नगण्य. आणि बाउन्स रेट कमी करणं हे आमच्याकडे पुण्यकर्म समजलं जातं. त्यावर बैठका होतात, पगारवाढ ठरते, सल्लागार पोसले जातात.

हा आकडा आपण चुकीचा वाचतो आणि चुकीच्या मार्गानं कमी करतो, असं माझं म्हणणं आहे. त्याची किंमत वेबसाईटवाला देत नाही, तर उलट्या पावली परत गेलेला माणूस देतो. आमच्या जिल्ह्यात ती किंमत एकदा लाखो माणसांच्या हिशेबात मोजली गेली आहे. तिथवर मी येणार आहे. पण आधी हा आकडा म्हणजे काय ते बघू.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

गूगल अ‍ॅनॅलिटिक्सच्या जुन्या पद्धतीत हिशेब सोपा होता. शंभर भेटींपैकी किती भेटी एकाच पानावर सुरू होऊन तिथंच संपल्या, ती टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट. पानावर तुम्ही दोन सेकंद थांबलात की अर्धा तास लेख वाचलात, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दुसरं पान उघडलं नाही, किंवा मोजण्याजोगी काही कृती केली नाही, की तुम्ही बाउन्स. जुलै २०२३ मध्ये ती पद्धत बंद पडली आणि नवी आली. नव्या पद्धतीत भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा दोन पानं बघितली गेली, किंवा ठरवून दिलेली एखादी महत्त्वाची कृती झाली, तर ती ‘गुंतलेली’ भेट. उरलेल्या सगळ्या बाउन्स. थोडी सुधारणा झाली, पण मूळ दृष्टी तीच राहिली : थांबला तो आपला, गेला तो वाया.

आमच्याच जिल्ह्यात तुळजापूर आहे. माणूस तासन्‌तास रांगेत उभा राहतो, आईसमोर पोचतो, क्षणभर हात जोडतो आणि पुढे सरकतो. त्या क्षणासाठी तो कुठून कुठून आलेला असतो आणि तृप्त होऊन जातो. गाभाऱ्यात आमचा कोड बसवला असता, तर त्यानं बहुतेक भाविकांना ‘बाउन्स’ म्हणून नोंदवलं असतं. आणि एखाद्या सल्लागारानं सुचवलंही असतं, की दर्शन चार टप्प्यांत विभागा, म्हणजे गुंतवणूक वाढेल.

म्हणजे बाउन्स रेट माणूस गेला हे सांगतो. तो काम होऊन गेला की कंटाळून गेला, हे सांगत नाही. भाव बघून गेलेले अण्णा आणि पान उघडेना म्हणून फोन आपटणारा शेजारी, हे दोघे या आकड्यात एकाच खान्यात बसतात. वैद्यानं औषध लागू पडलेल्याला आणि दारातून परतलेल्याला एकाच वहीत ‘पुन्हा आला नाही’ म्हणून लिहावं, तसं हे आहे.

मीही हे केलंय

इतरांना नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. पुण्यात नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी एका वेबसाईटचा बाउन्स रेट कमी करण्याचं काम माझ्याकडे आलं. पान जड होतं, मजकूर गोंधळाचा होता, फोन नंबर तळाशी दडवलेला होता. हे सगळं दुरुस्त करायला महिना लागला असता. मी एका दुपारीत काम उरकलं. पान उघडून पंधरा सेकंद झाली, की आपोआप एक ‘कृती’ नोंदवली जाईल अशी चार ओळींची भर टाकली. जुन्या पद्धतीत तेवढ्यानं भेट बाउन्समधून सुटायची. आठवड्याभरात आकडा जवळपास निम्म्यावर आला. पान तसंच जड, नंबर तसाच तळाशी. बैठकीत माझं कौतुक झालं. मी ते घेतलंही.

हे काही माझ्या एकट्याचं शहाणपण नव्हतं. या धंद्यात अशा युक्त्यांची रीतसर परंपरा आहे. लेखाचे पाच तुकडे करायचे. मागे जायचं बटण दाबलं तर ‘थांबा, हेही वाचा’ म्हणून पडदा पाडायचा. व्हिडिओ आपोआप सुरू करायचा. उत्तर मथळ्यात देता येत असेल तर ते मुद्दाम शेवटच्या ओळीत ढकलायचं. या सगळ्यानं आकडा खरोखर कमी होतो. एकदा तर आमच्यातल्या एकाकडून मोजणीचा कोड पानात चुकून दोनदा चिकटला. प्रत्येक भेट दुप्पट मोजली जाऊ लागली आणि बाउन्स रेट जवळजवळ शून्यावर आला. चूक लक्षात येईपर्यंत दोन दिवस सगळे खूश होते. त्या दोन दिवसांत एकाही वाचकाच्या आयुष्यात तसूभर फरक पडला नव्हता.

म्हणून मी याला सुधारणा म्हणत नाही. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखं हे काम आहे.

गैरहजर असलेल्यांनी हात वर करा

आता त्याहून गंभीर गोष्ट. पानावर आलेल्यांची मोजणी करणारा कोड हा त्या पानासोबतच तुमच्या मोबाईलवर उतरतो. तो उतरून चालू झाला, तरच तुमची भेट नोंदवली जाते. पान अर्धवट उतरलं असताना तुम्ही कंटाळून मागे फिरलात, तर पुष्कळदा तो कोड चालू झालेलाच नसतो. म्हणजे तुम्ही बाउन्ससुद्धा नसता. तुम्ही आलाच नव्हतात.

वर्गात मास्तरांनी ‘जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा’ म्हणावं, तशी ही मोजणी आहे. ज्यांचा सगळ्यात जास्त छळ झाला, तेच हजेरीपटावर नाहीत. यातून उलटाच खेळ होतो. पान जितकं जड, तितके कमजोर नेटवर्कवाले मोजणीच्या आधीच गळतात, आणि उरलेल्या पुण्या-मुंबईच्या वेगवान फोनवाल्यांचा आकडा बघून आपण म्हणतो, सगळं ठीक चाललंय.

याचा एक प्रसिद्ध दाखला यूट्यूबचा आहे. तिथल्या क्रिस झकारिअस या अभियंत्यानं २०१२ मध्ये तो लिहून ठेवलाय. यूट्यूबचं व्हिडिओचं पान तेव्हा १.२ एमबीचं होतं. त्यानं खटपट करून त्याची शंभर केबीच्याही आतली आवृत्ती बनवली आणि काही लोकांना दिली. अपेक्षा होती की पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होईल. झालं उलटंच, सरासरी वेळ वाढला. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. मग नकाशावर आकडे टाकून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सैबेरिया अशा भागांतली माणसं नव्यानं मोजणीत आली होती. त्यांना जुनं पान उघडायला वीस-वीस मिनिटं लागत, म्हणून ती यायचीच नाहीत. आता दोन मिनिटांत उघडत होतं, म्हणून ती थांबून बघत होती. पान हलकं झालं आणि आजवर अदृश्य असलेली माणसं दिसायला लागली.

हे वाचलं तेव्हा मला आमचं गाव आठवलं. गूगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं, की मोबाईलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथंच सोडल्या जातात. तीन सेकंद! आज तीन एमबीचं पान कुणालाच फार वाटत नाही. तीन एमबी म्हणजे २४ मेगाबिट. पावसात, लाईट गेलेली असताना, टॉवर बॅटरीवर चालू असताना सेकंदाला ४०० किलोबिट मिळाले, तर हे पान उतरायला एक मिनिट लागतं. तेही मध्ये काही तुटलं नाही तर. फायबर आणि लॅपटॉपवर बसून ते पान बनवणाऱ्याला ते मिनिट कधी दिसतच नाही. मला पाच वर्षं दिसलं नव्हतं, आणि मी तर त्याच गावचा.

बहात्तर तास

आता त्या लाखोंच्या हिशेबाकडे येतो.

ऑक्टोबर २०२०. करोनामुळे मी गावीच बसून काम करत होतो. सोयाबीन काढणीला आलेलं. काहींच्या गंजी लागलेल्या, काहींचं उभं होतं. महिन्याच्या मध्यावर जो पाऊस झाला त्यानं रानात तळी केली. शेंगांना जागेवर कोंब फुटले. पीक विम्याचा हप्ता बहुतेकांनी भरलेला होता. नियम असा, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत ते कळवायचं. कागदावर दारं बरीच होती : अ‍ॅप, टोल-फ्री नंबर, बँक, कृषी खातं. पण ओढ्याला पाणी, रस्ता बंद, लाईट नाही, करोनाची भीती. प्रत्यक्षात हातात उरला तो मोबाईल.

आमचं मी रात्री दोन वाजता गच्चीवर उभं राहून कसंबसं भरलं. मग शेजारचे तात्या आले. अण्णांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे मुलानं दिलेला जुना फोन होता. “बाळ, आमचंबी बघ की तेवढं,” म्हणाले. मी बघितलं. पान उघडायचं, ओटीपी यायच्या आत मुदत संपायची. ओटीपी आला तर फोटो चढायचा नाही. फोटो चढायला लागला की नेटवर्क जायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी फोनची बॅटरी संपली आणि तात्या घरी गेले.

पुढची गोष्ट न्यायालयाच्या दप्तरात आहे. त्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३,५७,२८७ शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही. कारण त्यांनी ७२ तासांत नुकसान कळवलं नाही. सरकारी यंत्रणेनं नुकसानीचे पंचनामे केलेले होते. पाऊस झाला, पीक गेलं, हे कुणीही नाकारत नव्हतं. पण सूचना आली नव्हती. शेतकरी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठानं विमा कंपनीला सहा आठवड्यांत भरपाई द्यायला सांगितलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

या साडेतीन लाखांतले सगळे रात्री गच्चीवर फोन घेऊन उभे होते, असं मी म्हणत नाही. कित्येकांना मुदत असते हेच ठाऊक नसणार. कित्येकांनी ‘पंचनामा झाला, आता काय राहिलं’ असं समजून सोडून दिलं असणार. पण नकाराचं तर्कशास्त्र बघा. क्लिक आलं नाही, म्हणजे नुकसान कळवायचं नव्हतं. आमच्या धंद्यातलं तर्कशास्त्र हेच आहे. माणूस गेला, म्हणजे त्याला आपली गरज नव्हती. ‘त्याला रस नाही’ हे वाक्य मी बैठकांमध्ये शेकडो वेळा ऐकलंय. चपलांच्या दुकानाच्या बाबतीत ते फार तर चुकीचं असतं. दुसऱ्या दुकानातून चप्पल मिळते. पण विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, पेन्शन यांचं दुसरं दुकान नसतं. तिथं हाच तर्क वापरला, की माणसाचं हक्काचं वर्ष जातं. तात्यांच्या बाबतीत दोन वर्षं आणि दोन न्यायालयं गेली.

उलट्या पावली गेलेला माणूस जातो कुठं?

तो घरी बसत नाही. बसून चालत नाही. तो तालुक्याच्या गावाला सेवा केंद्रात जातो. तिथं एक पोरगा असतो, ज्याला त्या वेबसाईटची सगळी दुखणी पाठ असतात. कुठल्या वेळी सर्व्हर चालतो, कुठल्या ब्राउझरमध्ये फॉर्म अडत नाही, नावातलं कुठलं अक्षर आधारशी जुळत नाही. पीक विम्याच्या अर्जामागे त्याला विमा कंपनीकडून चाळीस रुपये ठरवून दिलेले आहेत. शेतकऱ्यानं वेगळं काही द्यायचं नसतं. तरी एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि झेरॉक्स धरली, की फुकटच्या अर्जाची खरी किंमत कळते.

मी त्या पोराला दोष देत नाही. तो नसता तर गाव बुडालं असतं. पण डॅशबोर्डवर तो कसा दिसतो ते बघा. रोज येतो, तासन्‌तास थांबतो, पन्नास-पन्नास अर्ज पुरे करतो. आदर्श, निष्ठावान, गुंतलेला वापरकर्ता! त्याच्यामुळे आकडे झकास दिसतात. ज्या पन्नास जणांना ते पान वापरता आलं नाही म्हणून ते त्याच्या दारात उभे आहेत, ते आकड्यात कुठंच नाहीत. वेबसाईटचं अपयश हे त्या पोराचं भांडवल, आणि तेच अहवालात यश म्हणून छापलं जातं.

मग कमी कसा करायचा?

बाउन्स रेट कमी करू नका असं मी म्हणत नाही. जो दारातून परतला त्याला आत घ्या, आणि ज्याचं काम झालं त्याला सुखानं जाऊ द्या, एवढंच म्हणतो. त्यासाठी लागणारं ज्ञान काही गुप्त नाही.

ज्या गोष्टीसाठी माणूस आलाय ती पहिल्या पडद्यावर ठेवा. मंत्र्यांचे फोटो, सरकणारी चित्रं, कंपनीचं ध्येयवाक्य नंतर. सर्व्हर आणि फोन यांच्यातल्या पहिल्या फेरीत साधारण १४ केबी माल येतो. जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते त्या चौदा केबीत बसवता येतं का बघा. तीन ओळींचा तक्ता नक्की बसतो.

देवनागरी फॉन्टच्या चार-चार फाईली माणसाच्या गळ्यात मारू नका. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी आधीपासून असते. ती आपल्या डिझाईनइतकी देखणी नसेल, पण लगेच दिसते. जाहीर सूचना स्कॅन करून फोटो म्हणून टाकू नका. असा फोटो जड असतो, शोधून सापडत नाही, आणि अंध माणसाचा फोन तो वाचू शकत नाही.

फॉर्म जिथं तुटला तिथून पुन्हा सुरू झाला पाहिजे. नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर आपोआप पाठवण्याची सोय आज ब्राउझरमध्येही करता येते. मराठी फॉर्ममध्ये कुणी ‘५’ लिहिलं तर ‘चुकीचा अंक’ म्हणून हाकलू नका. नावं बदलली तर याद्या बदला. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं. त्यानंतर मी असा फॉर्म पाहिलाय, ज्यात जिल्हा ‘धाराशिव’ म्हणून शोधावा लागतो आणि तालुका ‘उस्मानाबाद’ म्हणून. बनवणाऱ्याला ही क्षुल्लक बाब वाटते. भरणाऱ्याला वाटतं, आपला तालुकाच यात नाही, आणि तो परत जातो.

आणि मोजायचंच असेल तर ‘थांबला का’ हे मोजू नका, ‘काम झालं का’ हे मोजा. किती जणांनी अर्ज सुरू केला, कुठल्या खान्यावर थांबले, किती जणांना पोच मिळाली. सर्व्हरच्या नोंदवहीत आलेल्या विनंत्या आणि अ‍ॅनॅलिटिक्समध्ये मोजलेल्या भेटी शेजारी-शेजारी ठेवा. शोधयंत्रांचे यांत्रिक फेरे वगळून जी तफावत उरेल, तिच्यात आपले गैरहजर विद्यार्थी सापडतील. शेवटी, महिन्यातून एकदा दोन जीबी रॅमचा फोन घेऊन एसटीनं भूम किंवा परंड्याला जा आणि स्टँडवर बसून स्वतःचं पान उघडा. घाम फुटेल, पण बैठकीत कधी न कळलेलं तिथं कळेल.

हरकती

पहिली हरकत ठरलेली : लोकांना वापरता येत नाही, डिजिटल साक्षरता कमी आहे. अण्णा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, यूट्यूबवर फवारणीचे व्हिडिओ बघतात, कृषी दुकानात स्कॅन करून पैसे देतात. या तिन्हींसाठी गावात कुणी प्रशिक्षण शिबिर घेतलं नव्हतं. जिथं गोष्ट चालते तिथं माणूस शिकतो. जिथं ती चालत नाही तिथं आपण त्याला अडाणी म्हणतो.

दुसरी हरकत : जाहिरातींशिवाय वेबसाईट चालणार कशी? प्रश्न रास्त आहे. मराठीत फुकट वाचायला मिळतं ते कुणाच्या तरी खर्चानं, हे मला कळतं. पण जाहिरात दाखवणं वेगळं आणि जाहिरातीसाठी उत्तर लपवणं वेगळं. आठवडी बाजारात भाव न सांगता गिऱ्हाइकाला अडवून धरणाऱ्याकडे लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. भावाचं ते साधं पान अण्णा रोज उघडतात. दुसऱ्याची लिंक आता ते न उघडताच पुढे सरकवतात. पहिल्याचा बाउन्स रेट जास्त, पण माणूस त्याचाच आहे.

तिसरी हरकत जास्त वजनाची आहे : मुदत आणि पडताळणी नसेल तर खोटे दावे येतील. येतातच. एक रुपयात विमा होता त्या काळात बोगस अर्जांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. नियम हवेत, हे मान्य. पण बोगस अर्ज करणारा नेटवर्कच्या अडचणीनं थांबत नाही. त्याच्याकडे वेळ असतो, संगणक असतो, ओळख असते. अवघड पान चोराला अडवत नाही, तात्यांना अडवतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या पानाला मुदत जोडलेली आहे, ते पान चालेल याची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर आणि बनवून घेणाऱ्यावर असावी. आणि अशा पानावर एखाद्यानं मुदतीत केलेला प्रयत्न, तो अर्धवट तुटला तरी, त्या वेळेच्या शिक्क्यासह नोंदला जावा आणि सूचना म्हणून ग्राह्य धरला जावा. पडताळणी नंतर करा, हवी तितकी कडक करा. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी मागितला, तिथंच ‘हा माणूस आला होता’ एवढी एक ओळ सर्व्हरवर लिहिणं हे आमच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे. मी एका दुपारीत खोटी कृती नोंदवणारा कोड लिहू शकलो, तर खरी कृती नोंदवणारा कोड लिहायला कुणाची हरकत असावी?

त्या रात्री तात्यांनी सात वेळा प्रयत्न केला. त्या सात प्रयत्नांपैकी एकही कुठं नोंदला गेला असेल असं मला वाटत नाही. मला आकडा माहीत आहे, कारण फोन माझ्या हातात होता आणि प्रत्येक वेळी तात्या विचारत होते, “गेलं का रे बाळ?”